जखमेच्या क्लिनिकला पहिल्यांदा जाताना काय तयारी करावी?
आईच्या पायाची जखम दोन महिने भरत नाहीये म्हणताय, तर आधी चालू गोळ्यांची यादी करा, रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती सगळ्यात वर लिहा, शुगर असेल तर एचबीए१सी या रक्ततपासणीचा रिपोर्ट घ्या, त्यात मागच्या 2-3 महिन्यांची शुगरची सरासरी कळते. आणि प्लीज, निघताना ड्रेसिंग सोडून जखम धुवून नेऊ नका, पट्टीवर पाणी किती सुटलंय, रंग कसाय, वास येतोय का हे क्लिनिकमधल्या डॉक्टरांना बघायचं असतं. कपडे सैल, गुडघ्यापर्यंत वर जातील असे. घोट्याला बीपीचा पट्टा बांधून पायाचा रक्तपुरवठा बघतात बऱ्याचदा, आईंना आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाहीत. ताप आला किंवा लाली पसरायला लागली तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच दाखवा.