डिन प्लगला वायर सोल्डर करताना

अरे पाच पिनांचा डिन प्लग (जुन्या ऑडिओ यंत्रांचा गोल प्लग) आहे ना, मग सगळ्यात आधी त्याचं कव्हर वायरीत ओवून घे, नाहीतर सगळं जोडून झाल्यावर परत सोडवत बसावं लागेल. या प्लगची खरी अडचण म्हणजे पिना ज्या प्लास्टिकमध्ये बसवलेल्या असतात ना ते तापलं की लगेच मऊ पडतं आणि पिन तिरकी होते, म्हणून सोल्डर करताना प्लग एखाद्या जुन्या सॉकेटमध्ये खोचून ठेव, पिना जागच्या हलत नाहीत आणि थोडी उष्णताही सॉकेट ओढून घेतं. 25 वॉटचं आयर्न पुरतं, सोल्डर 60/40 चं (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं), आत रोझिन (जोड नीट धरायला मदत करणारी राळ) असलेलं. प्लंबिंगची अ‍ॅसिडवाली पेस्ट अजिबात नको, पिना गंजतात! पिनेच्या खोबणीत थोडं सोल्डर भर, वायरच्या टोकालाही लाव, मग दोन्ही एकत्र दोनेक सेकंद तापव, बस. गार होईपर्यंत वायर हलू देऊ नको, जोड कच्चा राहतो आणि मग खरखर सुरू.

शील्डची जाळी (आतल्या वायरींभोवतीची तारांची वीण) नीट पिळून मधल्या 2 नंबरच्या पिनेला, तेच ग्राउंड. टेप डेकवरून अ‍ॅम्पला आवाज न्यायचा तर 3 नंबरवर डावा चॅनल, 5 वर उजवा. पिनांचा क्रम समोरून 1, 4, 2, 5, 3 असा आहे आणि मागच्या बाजूने तो उलटा दिसतो, त्यामुळे अंदाजाने जाऊ नको, बऱ्याच प्लगवर पिनेशेजारी बारीक आकडे असतात तेच बघ. मल्टिमीटर बीपवर ठेवून शेजारच्या पिना शॉर्ट नाहीत ना ते तपास, मगच कव्हर चढव.