वही फाडलीत, आता तिच्याशी बोला

प्रश्न : मुलीला बारावी कला शाखेत ७४ टक्के आहेत. तिने डीएड करावं असं आम्हाला वाटतं, ती मात्र क्रिमिनॉलॉजीच, म्हणजे गुन्हेगारीशास्त्रच, करायचं म्हणते. पेपरातल्या गुन्ह्यांच्या बातम्या कापून वहीत चिकटवते. सोळा वर्षांच्या मुलाने मोबाइल चोरला, या बातमीखाली तिने लिहिलं होतं, ‘पुढे त्याचं काय झालं?’ मी रागाने वही फाडली. प्रेतं, रक्ताचे डाग तपासणं मुलीच्या जातीला शोभतं का? उद्या लग्न कसं जमायचं? तिचं मन वळवायचा उपाय सांगा.
— एक वडील, बार्शी

उत्तर : मन वळवायचा उपाय मी सांगणार नाही. तुमचं पत्र वाचताना मी त्या वहीपाशी अडकलो. कुणी न सांगता, मार्कांसाठी नव्हे, अशी वही करणारी मुलं फार थोडी असतात. ती तुम्ही फाडलीत. तिने पुढे काहीही शिकलं, तरी घरात मनातलं बोलायचं नाही एवढा धडा ती यातून घेईल. आधी तिची माफी मागा. लग्नाची चिंता अठराव्या वर्षी तिच्या अभ्यासावर लादू नका.

आता तुमचा गैरसमज. रक्ताचे डाग तपासणं हे न्यायवैद्यक विज्ञान. त्याला बारावी सायन्स लागतं, म्हणजे ती वाट तिच्यासाठी तशीही बंद आहे. फौजदारी कायदा विचारतो : कृत्य कोणतं, हेतू काय होता, पुरावा काय? १ जुलै २०२४ पासून गुन्हा कोणता आणि शिक्षा काय, हे मुख्यतः भारतीय न्याय संहिता या कायद्यात आहे. गुन्हेगारीशास्त्र विचारतं की हा मुलगा इथवर आला कसा आणि पुढे त्याचं काय होणार. तुमच्या मुलीने नेमकं हेच विचारलं होतं! त्याचं उत्तरही आहे. वय अठराच्या आत, म्हणून तो बाल न्याय मंडळापुढे जातो. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यांत किमान एक स्त्री असावीच लागते. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) त्याच्या घराची, शाळेची, संगतीची चौकशी करून अहवाल देतो. मुलाचं पुढे काय करायचं, हे ठरवताना मंडळ तो अहवाल बघतं. हे काम मुलीला शोभत नाही, असं तुम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार?

वाटा दोन. सीईटी देऊन पाच वर्षांचं लॉ, किंवा मानसशास्त्र वा समाजशास्त्रात बीए आणि मग एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. नुसत्या क्रिमिनॉलॉजीच्या पदवीवर नोकरी मिळणं अवघड, हे तिलाही स्पष्ट सांगा. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून कच्च्या कैद्यांसाठी, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच तुरुंगात असलेल्यांसाठी, काम करतो, त्याची माहिती तिला वाचू द्या. लॉ घेतलं आणि न्यायाधीश व्हायचं मनात आलं, तर पदवीनंतर आधी तीन वर्षं वकिली करावी लागेल. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ही अट पुन्हा घातली आहे.

फॉर्म भरण्याआधी एक दिवस तिला घेऊन कोर्टात जा. फौजदारी खटले सहसा खुल्या न्यायालयात चालतात, मागच्या बाकावर बसून कुणालाही ऐकता येतात. साक्षी, उलटतपासणी, तारखांवर तारखा, सगळं तिला बघू द्या. तुम्हीही बघा.