‘येते’ का म्हणाले?

प्रिय सोन्या,

उद्या माझी सकाळची पाळी आहे. तू शाळेच्या सहलीला निघशील तेव्हा मी घरात नसेन, म्हणून हे पत्र डब्यावर ठेवतेय. सावकाश वाच. जोडाक्षरं अडली तर बाबांना विचार.

पोर्तुगालहून परत येताना विमानात तू विचारलंस, “आई, आपण त्या आजींकडे परत जाणार नाही, मग तू त्यांना ‘येते’ का म्हणालीस? खोटं ना ते?” मी “अरे, आपल्यात तसंच म्हणतात” एवढं बोलून मोकळी झाले. ते काही उत्तर नव्हे. तेव्हापासून ते मला टोचतंय.

एव्होरातली ती दुपार आठव. चौकातली सगळी हॉटेलं भरलेली, तुला भूक आवरेना, आणि बाबा उगीचच मागच्या बोळात वळले. तिथे त्या आजींची छोटी खाणावळ. पाच-सहा टेबलं, त्यांवर कागद अंथरलेले, दारावर हातानं लिहिलेला एक कागद चिकटवलेला. न मागता पाव आणि ऑलिव्ह आले. (ते खाल्ले तर पैसे लागतात, नको असतील तर परत पाठवायचे, अशी तिथली रीत आहे. आपण सगळे खाल्ले.) आजी ‘पांव’ म्हणाल्या आणि तू चमकून माझ्याकडे पाहिलंस. तो आपला पावच. पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा हा शब्द त्यांच्यासोबत आला, बटाटाही तसाच आला.

मी मांस-मासे खात नाही हे हातवारे करून सांगितल्यावर त्या आत गेल्या आणि खलबत्त्याचा आवाज सुरू झाला. लसूण, खडेमीठ, कोथिंबीर. तू नाक वर करून म्हणालास, “साताऱ्याचा वास येतोय!” युरोपात इतकी वर्षं राहून मला कोथिंबिरीचा असा घमघमाट बाहेरच्या स्वयंपाकघरातून कधी आला नव्हता. आलेंतेजू नावाच्या त्या मुलखात मात्र कोथिंबिरीवाचून पान हलत नाही. त्या वाटणावर ऑलिव्हचं तेल, मग उकळतं पाणी, त्यात शिळ्या पावाचे तुकडे आणि वर पाण्यात शिजवलेलं अंडं. या पदार्थाला ते आसोर्दा म्हणतात. पहिल्या घासालाच मला साताऱ्याच्या आजीचा शिळ्या पोळीचा कुस्करा आठवला. गव्हाच्या मुलखातल्या गरीब घरांनी शिळा पाव टाकून न देता हे पोटभरीचं जेवण केलं. आपल्याकडच्या बायकांनी शिळ्या पोळीचं तेच केलं.

आणि मग तांदळाची खीर, आरोश दोस. आपल्यापेक्षा घट्ट, लिंबाच्या सालीचा वास असलेली, पसरट ताटलीत थापलेली. आजींनी ती वर काही न घालताच आणली, तुझ्यासमोर ठेवली आणि दालचिनीच्या पुडीची वाटी तुझ्याकडे सरकवली. तुझ्या चिमटीतून पूड भसकन पडली. तेव्हा त्यांनी तुझा हात धरला आणि अंगठा पहिल्या बोटावरून कसा हलकेच फिरवायचा ते दाखवलं. बारीक सरळ रेघ उमटली. मग आडवी रेघ, मग चौकटी. सोन्या, मी त्यांच्या बोटांकडेच बघत होते. साताऱ्याच्या अंगणात आजी रांगोळी घालते तेव्हा तिचा अंगठा अगदी असाच फिरतो.

निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि माझ्या तोंडून आपसूक “येते हं” निघून गेलं. त्यांना मराठी कुठून कळणार? पण त्याही म्हणाल्या, “अते लॉगु”. म्हणजे ‘थोड्या वेळानं भेटू’. त्यांनाही ठाऊक होतंच की आपण दुसऱ्या दिवशी विमानात असणार.

आता तुझ्या प्रश्नाचं. माणूस वारलं की आपण ‘गेलं’ म्हणतो. म्हणून जिवंत, हसत्या-खेळत्या माणसानं निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही. मी पहिल्यांदा इकडे नेदरलँड्सला यायला निघाले, तेव्हा गाडी दारात उभी, बॅगा चढवलेल्या, त्या गडबडीत मी म्हटलं, “चला, जाते.” आजीनं दह्याची वाटी हातात तशीच धरून मला उंबऱ्याच्या आत बोलावलं. पाटावर टेकायला लावलं. पाणी दिलं, दही पुन्हा हातावर घातलं आणि म्हणाली, “आता म्हण.” ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. “येते” म्हणेपर्यंत तिनं मला उठू दिलं नाही.

आपल्या भाषेत अशी पुष्कळ काळजी आहे. देवापुढे नारळ फोडला की तो ‘वाढवला’ म्हणायचं. बांगडी पिचली तरी ‘वाढवली’. दुकानदार रात्री दुकान बंद करतो तेही ‘वाढवतो’. आणि पानात अन्न घालणं, तेही वाढणंच! हा एक शब्द मला फार आवडतो. ज्या बाईनं मला वाढलं, तिच्या दारात उभं राहून ‘जाते’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तू हिशेबाला पक्का आहेस, म्हणून हेही सांगते. ‘येते’ म्हणताना मी तारीख दिली नव्हती. त्या दारात मला खरंच परत यावंसं वाटत होतं, आणि मी तेवढंच म्हटलं. त्यात खोटं काही नाही. जाणं होईल की नाही हे मलाही माहीत नाही.

उद्या मित्रांना हवं तर इथल्या डच मुलांसारखं निरोपाचं ‘डूई’ म्हण. घरातून निघताना मात्र ‘येतो’ म्हण, मी नसले तरी. बाबा ऐकतील.

डब्यात तांदळाची खीर आहे, लिंबाची साल किसून घातलीय. दालचिनी घातलेली नाही. पुडी वेगळी बांधून ठेवलीय, चिमटीनं तूच घाल.

तुझी,
आई