घरात मच्छरदाणी आहे, पण तिच्यात झोपतं कोण?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून वडोदऱ्यात समा भागात राहायला आलोय, घरात चार माणसं, मुलगी चार वर्षांची. दोन मच्छरदाण्या कपाटात पडून आहेत आणि रात्रभर लिक्विडचं मशीन चालू असतं. तेवढं पुरेल, की औषधाच्या नव्या मच्छरदाण्या घ्याव्यात?

नव्या घ्यायच्या तर सावकाश घ्या. कपाटातल्या दोन्ही आज रात्रीच बांधा. आमच्याही घरात दोन मच्छरदाण्या होत्या आणि तरी माझ्या मुलाला मलेरिया झाला, म्हणून इतक्या ठामपणे सांगतेय.

आमचं घर वडोदऱ्यातच, दांडिया बाजारात, जुनं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा नळाला पाणी येईल न येईल म्हणून आम्ही पिंपं भरून ठेवली. पूर ओसरला, पिंपं तशीच राहिली. गच्चीवरच्या टाकीचं झाकणही अर्धं तुटलेलं. शहरात मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी हा डास अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, हे मला नंतर कळलं. मी आपली गटाराकडे बघत बसले होते. सप्टेंबर संपता संपता मुलाला थंडी वाजून ताप भरला. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मग घाम फुटून उशी भिजली, आणि दुसऱ्या दिवशी पोरगा मजेत हिंचक्यावर! तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रक्त तपासलं तर व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया.

त्या दिवसांत आमच्याकडे रोज मच्छरदाणीत झोपणारं माणूस एकच, माझ्या सासूबाई. दुसरी मच्छरदाणी माळ्यावरच्या पेटीत होती, घडीसुद्धा न मोडलेली. मलेरियाच्या पाहण्यांमध्ये घरोघरी दोन प्रश्न वेगवेगळे विचारतात: घरात मच्छरदाणी आहे का, आणि काल रात्री तिच्यात कोण झोपलं होतं? पहिल्याला मी अभिमानानं 'दोन आहेत' म्हटलं असतं. दुसऱ्याला माझ्या मुलाचं नाव घेता आलं नसतं.

मशीनचं म्हणाल तर खिडक्या उघड्या आणि पंखा जोरात असला की त्याचा जोर उरत नाही, आणि वीज गेली की तेही बंद. अ‍ॅनोफिलिस चावतो तो संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, म्हणजे आपण गाढ झोपेत असताना. मच्छरदाणीला वीज लागत नाही.

आमच्याकडे खरी अडचण होती ती बांधण्याची. एक नाडी खिडकीच्या गजाला, एक कपाटाच्या कडीला, एक दाराच्या बिजागरीला, चौथीला जागाच नाही. रोज रात्री हे कोण करणार? शेवटी सुताराकडून भिंतीत चार हूक बसवून घेतले, नाड्यांना फासे करून ठेवले. आता मुलगा स्वतः अडकवतो आणि सकाळी पीळ देऊन वर टाकतो. तेवढ्यानं आमच्याकडे रोज लागायला लागली. उकडतं ही तक्रार खरी आहे, वारा थोडा अडतोच. आम्ही जाड कापडी मच्छरदाणी काढून नायलॉनची जाळीदार घेतली. कडा मात्र चारही बाजूंनी गादीखाली खोचा. आणि पलंगाच्या मानानं ती ऐसपैस हवी, कारण साध्या मच्छरदाणीला गुडघा किंवा कोपर टेकलं की डास बाहेरून जाळीतून चावतो.

औषधाच्या मच्छरदाणीचा फायदा इथेच आहे. तिच्या धाग्यातच डेल्टामेथ्रिनसारखं कीटकनाशक असतं, टेकलेला डास मरतो, त्यामुळे शेजारपाजारचे डासही कमी होतात. आफ्रिकेत २००० ते २०१५ या काळात मलेरियाच्या सुमारे ६६ कोटी केसेस टळल्या, आणि त्यातलं ६८ टक्के श्रेय अशा मच्छरदाण्यांचं, असा संशोधकांचा हिशेब आहे. घेतलीत तर पहिल्यांदा एक दिवस सावलीत पसरून ठेवा. धुताना साधा साबण, ब्लीच नको, वाळवायची सावलीतच. साधारण २० धुण्यांपर्यंत किंवा ३ वर्षं ती काम देते. दोन माणसांमागे एक हा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब, म्हणजे तुमच्या दोन पुरेशा आहेत. मुलीला दुपारीही मच्छरदाणीतच निजवा, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो.

आणि ताप आलाच तर गोळी द्यायच्या आधी रक्त तपासा. व्हायव्हॅक्सचे जंतू यकृतात दडून राहतात आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. डॉक्टरांनी आमच्या मुलाला त्यासाठी १४ दिवस प्रिमाक्वीन दिलं. चौथ्या दिवशी तो बरा दिसायला लागला आणि घरात 'आता पुरे' सुरू झालं, पण मी एकही गोळी चुकू दिली नाही.

तुमच्या मच्छरदाण्या बरेच दिवस घडीत असतील तर घडीवर विरल्या असतील. सासूबाई दर महिन्याला आमच्या दोन्ही मच्छरदाण्या खिडकीच्या उजेडात धरून बोटं फिरवत भोकं शोधतात, आणि सापडलं की तिथल्या तिथे पांढऱ्या दोऱ्याचे चार टाके घालतात.