६३ ठिकाणी 'युवराज': त्सारेविच आणि त्सेसारेविच यांचा माझ्या हातून झालेला घोळ

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळा आला. 'दिवाळी अंकासाठी रोमानोव्ह घराण्यावरचा लेख अनुवाद करतेय, मूळ लेखात कुठे त्सारेविच आहे, कुठे त्सेसारेविच, एका ठिकाणी नुसतंच वारस. छपाईची चूक असावी. सगळीकडे सरसकट युवराज करून टाकू का?' नका करू. अशाच एका दिवाळी अंकासाठी रोमानोव्हांवरचा लेख अनुवाद करताना हाच प्रश्न मला काही वर्षांपूर्वी पडला होता आणि कुणाला न विचारता त्याचं उत्तर स्वतःच देऊन मी मोकळा झालो होतो.

आधीच सांगतो, मी इतिहासाचा अभ्यासक नाही. नोकरी सांभाळून दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला रशियन शिकलो, तेवढंच भांडवल. जाणकारांनी जरूर कान धरावा. रोमानोव्ह म्हणजे रशियावर राज्य करणारं घराणं आणि पीटर म्हणजे त्यातला पीटर द ग्रेट, एवढं पुरे, त्यात शिरत नाही.

ती छपाईची चूक नाही. त्सारेविच म्हणजे झारचा मुलगा, मग तो पहिला असो की पाचवा. हे जन्माने मिळणारं बिरुद. पीटरचा मुलगा अलेक्सेय, ज्याला बापानेच वारसाहक्कातून काढलं आणि जो १७१८ मध्ये किल्ल्यातल्या कैदेत मेला, तो त्सारेविच. त्सेसारेविच ही पदवी. १७९७ मध्ये सम्राट पावेलने राज्याभिषेकाच्या दिवशी वारसाहक्काचा कायदा जाहीर केला. १७२२ पासून राजा बोट दाखवेल तो वारस असा पीटरचा हुकूम चालत होता आणि त्यातून पाऊणशे वर्षं गोंधळ माजला होता. आता थोरल्या मुलाचा हक्क पक्का झाला आणि त्सेसारेविच ही पदवी त्या वारसाची ठरली. सम्राटाच्या बाकीच्या मुलांना वेलिकी क्न्याझ म्हणायचं, ज्याचं आपल्याकडे इंग्रजीवरून ग्रँड ड्यूक झालंय. शेवटचा झार निकोलाय दुसरा याच्या मुलाला, १९०४ मध्ये जन्मलेल्या अलेक्सेयला, जग त्सारेविच म्हणतं. अधिकृत पदवी मात्र त्सेसारेविच.

मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मी 'सुसूत्रीकरण' केलं. फाइंड, रिप्लेस ऑल, 'युवराज'. स्क्रीनवर आलं, ६३ ठिकाणी बदल केले. काय समाधान वाटलं होतं म्हणून सांगू.

दणका बसला कॉन्स्तान्तिनपाशी. पावेलचा हा दुसरा मुलगा १७९९ मध्ये रशियन सेनापती सुव्होरोव्हबरोबर इटली-स्वित्झर्लंडच्या मोहिमेवर गेला, तिथल्या कामगिरीबद्दल बाप खूश झाला आणि त्याने त्यालाही त्सेसारेविच करून टाकलं. थोरला अलेक्सांद्र, खरा वारस, धडधाकट जिवंत असताना! स्वतःचा नियम स्वतःच दोन वर्षांत वाकवला. पुढे कॉन्स्तान्तिनने १८२० मध्ये राजघराण्याबाहेरच्या पोलिश बाईशी लग्न केलं, १८२२ मध्ये गादीवरचा हक्क सोडला, पण पदवी १८३१ मध्ये मरेपर्यंत त्याच्याकडेच राहिली. त्यामुळे माझ्या लेखात छापून आलेलं वाक्य असं: 'युवराजपदाचा त्याग केल्यावर युवराज कॉन्स्तान्तिन वॉर्सातच राहिले.' आजही आठवलं की कानशिलं तापतात.

हे नुसतं शब्दांचं नाही, म्हणून लांबण लावतोय. कॉन्स्तान्तिनने हक्क सोडल्याचा १८२३ चा जाहीरनामा सम्राट झालेल्या अलेक्सांद्रने गुप्त ठेवला होता, मॉस्कोच्या उस्पेन्स्की कॅथेड्रलमध्ये बंद पाकिटात. अलेक्सांद्र १८२५ मध्ये तागानरोगला वारला तेव्हा लोकांना, फौजेला दिसत होता तो त्सेसारेविच कॉन्स्तान्तिन. धाकटा भाऊ निकोलाय (पुढचा निकोलाय पहिला) याने स्वतः त्याच्याशी इमानाची शपथ घेतली, तिकडे वॉर्सात कॉन्स्तान्तिन निकोलायला सम्राट मानून बसलेला. कॉन्स्तान्तिनच्या नावाचा रुबलसुद्धा पाडला गेला. शेवटी निकोलायसाठी दुसऱ्यांदा शपथ घ्यायची वेळ आली आणि त्याच दिवशी डिसेंब्रिस्टांनी, म्हणजे बंडखोर अधिकाऱ्यांनी, पीटर्सबर्गच्या सेनेट चौकात फौजा उभ्या केल्या. वारस आणि त्सेसारेविच या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे धरलं नाही तर त्या तीन आठवड्यांतलं काहीच नीट कळत नाही. माझ्या लेखात तर मुळीच कळत नव्हतं.

नेमकी उलटी गत निकोलाय दुसऱ्याचा भाऊ मिखाइलची. १८९९ मध्ये भाऊ गिओर्गी क्षयाने गेल्यावर तो वारस झाला, पण त्याला त्सेसारेविच केलं नाही, कारण निकोलायला मुलगा होईल ही आशा होती. पाच वर्षं तो नुसता वारस. तुमच्या लेखात 'नुसतंच वारस' जिथे आहे ती जागा बहुधा हीच. हात लावू नका. १८२५ ते १८३१ या काळात निकोलाय पहिल्याचा मुलगा अलेक्सांद्रही असाच नुसता वारस होता, पदवी काका कॉन्स्तान्तिनकडे अडकलेली.

आता अंकाच्या कार्यालयाची कथा. नाव घेत नाही. प्रूफ आलं तेव्हा कॉन्स्तान्तिनचं वाक्य मला खटकलं. पुन्हा मूळ काढलं, शब्दकोश काढला, घाम फुटला. फोन केला तर 'फर्मा गेला', म्हणजे पानं छपाईला गेली. तो गेला नव्हता, हे मला नंतर तिथल्याच एकाने सांगितलं. चार दिवसांनी पुन्हा फोन केला, तर 'वाचकाला एवढं कुठे कळतंय हो!' शुद्धिपत्र मागितलं तर लेखी अर्ज द्या, अर्ज दिला तर तो संपादकांकडे नाही, व्यवस्थापकांकडे द्यायचा होता. शेवटी कळलं की शुद्धिपत्र पुढच्या अंकात येईल, आणि दिवाळी अंकाचा पुढचा अंक म्हणजे पुढची दिवाळी! आलं नाहीच. वाचकाला मात्र कळलं. एका निवृत्त प्राध्यापिकेचं पोस्टकार्ड आलं, त्यावर एकच ओळ: 'आपल्या लेखात एकूण युवराज किती?' झारवरच्या लेखात झारीतले शुक्राचार्य असे भेटले. असो. चूक माझीच होती, पण ती निस्तरू न देणाऱ्यांचा राग अजून गेलेला नाही.

माझं मत विचाराल तर (मतच आहे, नियम नव्हे) त्सेसारेविच देवनागरीत तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्धी ओळ खुलासा द्या. साध्या वारसाला वारस. युवराज म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे संभाजीराजे येतात, म्हणजे ठरलेला, एकमेव. रशियात तो अर्थ निम्म्या वेळा लागू पडत नाही. 'झार' मात्र बदलायला जाऊ नका, 'झारशाही' मराठीत कधीच रुळलीय. बायकांच्या बाबतीतही हाच सापळा आहे: त्सारेव्ना म्हणजे झारची मुलगी, त्सेसारेव्ना म्हणजे त्सेसारेविचची बायको. त्यातही मेख अशी की पीटरने स्वतःच्या मुलींना त्सेसारेव्ना म्हटलं होतं.

या वारसाला काम काय होतं, हेही लेखात असेल तर ठेवा, कापू नका. सोळाव्या वर्षी तो सज्ञान धरला जाई आणि शपथ घेई. १८२७ पासून सगळ्या कोसॅक फौजांचा अतामान, म्हणजे प्रमुख, वारसच. अतामान हा शब्दही तसाच राहू द्या, 'सरदार' केलंत तर दुसरं पोस्टकार्ड येईल. १८३७ मध्ये निकोलाय पहिल्याच्या मुलाला, अलेक्सांद्रला, देश बघायला सायबेरियापर्यंत धाडलं होतं.

तारखांचं तेवढं बघा. जुनी रशियन तारीख एकोणिसाव्या शतकात १२ दिवस मागे, विसाव्यात १३. डिसेंब्रिस्टांचा १४ डिसेंबर आपल्या हिशोबाने २६.

आणि लेखात मुंबई आली असेल तर दोनदा वाचा. १८९० च्या डिसेंबरात पूर्वेच्या सफरीवर निघालेला निकोलाय (पुढचा निकोलाय दुसरा) मुंबईत उतरला, तेव्हा तो त्सेसारेविच होता. बरोबरचा भाऊ गिओर्गी आजारी पडला आणि त्याला मुंबईहूनच परत धाडलं. तो त्या वेळी नुसता वेलिकी क्न्याझ, त्सेसारेविच झाला १८९४ मध्ये. रिप्लेस ऑल मारलंत तर मुंबईच्या बंदरात एकाच बोटीतून दोन युवराज उतरतील. वापरायचंच असेल तर 'फाइंड नेक्स्ट' दाबत एकेक बघत जा, तासभर लागेल.