‘अजून थोडं थांबलो असतो तर?’

‘मॅडम, आम्ही घाई केली का?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, सहसा कुणी येत नाही. येतात ते झोप लागत नाही म्हणून, चिडचिड वाढली म्हणून, इस्पितळासमोरून जाताना छातीत धडधडतं म्हणून. दोन-चार भेटी झाल्या की मग तो प्रश्न बाहेर पडतो. कुणी वडिलांचा व्हेंटिलेटर काढायला संमती दिलेली असते, कुणी ‘आता घरी न्या’ म्हटल्यावर आईला घरी आणलेलं असतं, कुणी आजोबांची पुढची केमो नाकारलेली असते. माणूस जाऊन वर्ष उलटतं, पण सही करणारा अजून त्या कागदापाशीच बसलेला असतो. हे इतक्या जणांकडून ऐकलं, की त्यातल्या एकाची हकिगत सविस्तर लिहावीशी वाटली. त्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना सुहास म्हणू या.

सुहास गोव्यातल्या साखळीकडचे, चाळिशीतले, एका कारखान्यात सुपरवायझर. आमचं बोलणं कोकणी-मराठीच्या नेहमीच्या मिश्रणात व्हायचं, इथे सगळं मराठीत देते. आल्या आल्या म्हणाले, ‘हसू नका हां मॅडम. एक पिक्चर बघितला आणि तेव्हापासून माझं सगळं बिघडलंय.’

चवथीची गडबड उरकल्यावर कारखान्यातले मित्र एकाच्या घरी जमले होते. बाहेर पाऊस. कुणीतरी ‘द मिस्ट’ लावला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांना शेवट सांगावाच लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. फ्रँक डॅराबाँटचा हा 2007 सालचा पिक्चर स्टीफन किंगच्या 1980 साली आलेल्या दीर्घकथेवर बेतलेला आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं छोटं गाव, वादळानंतर पसरलेलं दाट धुकं, धुक्यात माणसं फाडून खाणारे प्राणी आणि सुपरमार्केटमध्ये अडकलेले लोक. डेव्हिड नावाचा चित्रकार आपल्या लहान मुलाला आणि आणखी तिघांना घेऊन गाडीतून निसटतो. पेट्रोल संपतं, धुकं संपत नाही. पिस्तुलात चार गोळ्या, गाडीत पाच माणसं. त्या प्राण्यांच्या तोंडी जाण्यापेक्षा हे बरं, म्हणून तो चौघांना गोळ्या घालतो, पोटच्या पोरालासुद्धा, आणि स्वतः मरायला बाहेर येतो. तेवढ्यात धुक्यातून सैन्य येतं. धुकं विरायला लागतं. वाचलेल्यांच्या ट्रकवर एक बाई उभी असते. मुलं घरी एकटी आहेत म्हणून सुरुवातीलाच तिने सोबत मागितली होती. कुणी उठलं नाही, तेव्हा ती एकटीच निघाली होती. आता तिची मुलं तिच्याजवळ आहेत.

किंगच्या कथेत हे नाही. तिथे गाडी पुढे जात राहते आणि आशेला थोडी जागा उरते. हा शेवट डॅराबाँटने लिहिला, आणि तो आपल्याला आवडल्याचं किंगने जाहीरपणे सांगितलेलं आहे. मला स्वतःला तो क्रूर वाटतो, पण खोटा वाटत नाही.

पिक्चर संपल्यावर मित्रांत वाद पेटला. ‘पाच मिनिटं थांबायला काय झालं होतं?’ ‘डोकंच नाही त्या माणसाला.’ ‘मुलाला मारतो? बाप आहे का कोण?’ कुणी दिग्दर्शकाला शिव्या घातल्या. सुहास उठून बाल्कांवात जाऊन बसले. त्या रात्रीपासून झोप गेली. रात्री उठून मुलाचा श्वास चाललाय ना, बघायचे. आपल्याही हातून पोराला काही झालं तर, असा विचार यायचा आणि त्या विचाराचीच भीती बसायची. अशी भीती बऱ्याच प्रेमळ आईबापांना चाटून जाते. ती येते म्हणजे माणूस तसं करणार, असा अर्थ नसतो. नको तो विचार जीव लावलेल्या ठिकाणीच जास्त टोचतो. त्यांना तेवढं सांगितल्यावर मुलाबद्दलची भीती बरीच ओसरली. झोप मात्र आली नाही. बोलता बोलता असंही निघालं, की कामानिमित्त बेळगावला जायचं तर ते हल्ली चोर्ला घाट टाळून लांबच्या रस्त्याने जातात.

‘का?’

‘पावसात तिथे धुकं असतं.’

‘चोर्ल्यात धुक्यातून शेवटचे कधी आलात?’

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बाबांना घेऊन. अँब्युलन्समधून.’

आदल्या वर्षीच्या जुलैतली गोष्ट. वडिलांना मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता, बेळगावच्या एका इस्पितळात ते व्हेंटिलेटरवर होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यातून ते बाहेर येणार नाहीत. भाऊ आखातात, फोनवर म्हणाला, ‘तू तिथे आहेस, तू ठरव.’ सुहासनी सही केली आणि वडिलांना घेऊन रात्रीच्या धुक्यातून घाट उतरले. पहाटे वडील आपल्या खोलीत, आपल्या खाटेवर गेले. बाराव्याला एक मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, ‘आणखी दोन दिवस ठेवलं असतं तर कुणी सांगावं!’ सुपरमार्केटमध्ये देवाचा कोप सांगत लोकांना चिथावणारी एक मिसेस कार्मोडी या पिक्चरमध्ये आहे. आपल्याकडे बाराव्याच्या पंगतीत ती हटकून असते, फक्त आवाज हळू असतो.

मी त्यांना म्हटलं, ‘पिक्चर थांबवू या. सैन्य यायच्या आधी, गाडीतच. आता डेव्हिडला काय काय माहीत आहे, सांगा.’

त्यांनी बोटांवर मोजलं. पेट्रोल संपलंय. बायको गेली, तिचं प्रेत त्याने पाहिलंय. डोंगराएवढा प्राणी नुकताच समोरून गेला. बाहेर आवाज येताहेत.

‘आणि काय माहीत नाही?’

‘सैन्य येतंय ते.’

‘तुम्हाला?’

‘मला माहीत आहे. मी बघितलंय ना.’

‘मग तुमचे मित्र ज्याला बिनडोक म्हणत होते तो कोण? ज्याला माहीत होतं तो, की ज्याला नव्हतं तो?’

सुहास वकिली बाण्याचे. म्हणाले, ‘पण ती बाई बरोबर ठरली.’

‘ठरली. निघताना तिला माहीत होतं?’

‘नाही. मुलं घरी होती म्हणून ती गेली.’

‘आणि दारातच तिला प्राण्याने ओढून नेलं असतं तर?’

‘वेडी म्हटलं असतं,’ असं म्हणून ते पहिल्यांदा हसले.

निकाल कळला की तो आधीच दिसत होता असं वाटणं, हा माणसाच्या मनाचा जुना खोडसाळपणा आहे. 1975 साली बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने तो प्रयोगात पकडला. त्याने लोकांना इंग्रज आणि गुरखे यांच्यातल्या 1814 च्या लढाईचं वर्णन वाचायला दिलं. काहींना निकाल सांगितला नाही. काहींना सांगितलं इंग्रज जिंकले, काहींना गुरखे जिंकले, काहींना कुणीच जिंकलं नाही. मग विचारलं, निकाल ठाऊक नसता तर तुम्हाला काय होईलसं वाटलं असतं? ज्याला जो निकाल सांगितला होता, त्याला तोच होण्याची शक्यता जास्त वाटली. वर्णन सगळ्यांना एकच होतं. हा प्रयोग मी बऱ्याच जणांना सांगते. ‘तुमची चूक नाही’ या वाक्याने जे होत नाही ते कधीकधी गुरखे करतात.

मग त्यांना घरी लिहायला एक काम दिलं. कागदाच्या डाव्या बाजूला, इस्पितळात सही करताना मला काय काय माहीत होतं. उजव्या बाजूला, नंतर काय कळलं. पुढच्या वेळी त्यांनी डायरीचं पान फाडून आणलं. डावी बाजू भरलेली होती: स्कॅन दाखवून डॉक्टर काय म्हणाले, दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच कसं सांगितलं, डोळे उघडले नव्हते, भाऊ काय म्हणाला. तळाशी, वेगळ्या शाईत: ‘बाबा आजोबांच्या वेळी म्हणाले होते, मरण यावं तर आपल्या घरात.’ हे त्यांना लिहितानाच आठवलं होतं.

उजवी बाजू कोरी होती.

‘वेळ मिळाला नाही?’ मी विचारलं.

‘बसलो होतो दोन रात्री. लिहायला काहीच नाही.’ पान माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, ‘मॅडम, माझ्याकडे सैन्य आलंच नाही.’

मी गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाला बोलायची फार हौस येते. ती आवरायला मी बऱ्याच वर्षांनी शिकले आहे. तेच पुढे म्हणाले, ‘बाबा गेल्यावर कुणी येऊन सांगितलं नाही की ते वाचले असते. एक डॉक्टर नाही, एक रिपोर्ट नाही. मावशी बोलली तेवढंच. रणगाडे मीच आणून उभे केलेत. त्या पिक्चरमधले.’ मग ते रडले. वडील गेल्यावर बहुधा पहिल्यांदाच, कारण तोवर ते रडण्याऐवजी स्वतःवर खटलाच चालवत होते.

एक फरक मी मुद्दाम मोठ्याने सांगितला. डेव्हिडने जीव घेतले. सुहासनी आजाराला त्याच्या वाटेने जाऊ दिलं आणि वडिलांना घरी आणलं. पिक्चर पाहताना मनाने या दोन गोष्टी एकाच खुंटीला टांगल्या होत्या.

बरेच जण इथे थांबतात. सुहासही म्हणाले, ‘झालं मॅडम, आता मला बरं वाटतंय.’ मी म्हटलं, ‘अर्धंच झालंय. आलं असतं तर?’

‘काय?’

‘सैन्य. उद्या कुणी मोठा डॉक्टर भेटला आणि पुराव्यानिशी म्हणाला, तुमचे बाबा वाचले असते. मग?’

ते चिडले. ‘आत्ता कुठे सुटलो, परत कशाला अडकवता?’ त्यांचा राग रास्त होता, पण मी मागे हटले नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझी घडण झाली आहे, कि. मो. फडके यांनी ते विचार मराठीत आणले आणि माझ्यासारख्या अनेकांना वाट मिळाली. त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा धडा असा, की परिस्थिती आपल्या बाजूची निघाली म्हणून मिळालेला दिलासा कच्चा असतो. परिस्थिती विरोधात गेली तरी माणूस उभा राहिला पाहिजे. ‘माझा निर्णय चुकला नाही, म्हणून मी ठीक आहे’ असं मानणारा दुसऱ्या मावशीच्या एका वाक्याने पुन्हा कोसळतो. ‘चुकला असता तर मला फार दुःख झालं असतं, जन्मभर झालं असतं, पण त्या एका सहीवरून मी कसला मुलगा आहे हे ठरत नाही,’ इथपर्यंत पोचायला सुहासना पुढच्या बऱ्याच भेटी लागल्या. त्या सगळ्या सांगत नाही. बराचसा वेळ भांडणातच गेला.

त्याचा उपयोग डिसेंबरात दिसला. एका लग्नात चुलतभावाचा डॉक्टर मुलगा सहज म्हणाला, ‘आजोबांना मुंबईला हलवलं असतं तर बघता आलं असतं.’ सुहासनी मला फोन केला. मी विचारलं, ‘मग?’ म्हणाले, ‘वाईट वाटलं. खूप. मग जेवलो आणि घरी आलो.’ मला त्या दिवशी मनातल्या मनात मिरवावंसं वाटलं, हे कबूल करते. जानेवारीत ते चोर्ल्यातून जाऊन आले. आता धुकं नसतं, म्हणून हे धरू नका, असं त्यांनीच मला बजावलं.

कुणी विचारतं, असले पिक्चर बघूच नयेत का? पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आब्बे फारियांचा पुतळा आहे, हात उंचावून उभे. कांदोळीत 1756 साली जन्मलेल्या या धर्मगुरूने पॅरिसमध्ये जाऊन सांगितलं, की संमोहनाची ताकद प्रयोग करणाऱ्याच्या हातात नसते, ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्या मनात असते. पिक्चरचंही तेच. त्या घरात पाच-सहा जणांनी एकच शेवट पाहिला. बाकीचे वाद घालून झोपले. तेव्हा एखादा शेवट तुम्हाला आठवडेच्या आठवडे सोडत नसेल, तर दिग्दर्शकाला दोष देण्याआधी, ती कुठली सही आठवतेय, ते बघा. ‘घाई केली का’ हे विचारायचंच असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा, वेळ घेऊन, समोर बसून. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका. झोप-जेवण सुटलं असेल, कामावर जाता येत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर समुपदेशकाची वाट बघत बसू नका: टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि बांबोळीच्या मनोविकार इस्पितळात थेट जाता येतं. तिथे जायला लाजणारे अजून भेटतात. का, ते मला कळत नाही.

आणि ज्यांच्यावर अजून ही वेळ आलेली नाही, त्यांनी घरात आधी बोलावं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली इच्छापत्राला, म्हणजे ‘माझ्यावर अखेरीस कोणते उपचार करू नयेत’ या लेखी सूचनेला मान्यता दिली, 2023 साली तिची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. गोव्यात 2024 च्या मे महिन्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र नोंदवून सुरुवात केली. त्यात आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसाचं नावही लिहिता येतं.

सुहासनी हे घरी सांगितलं तेव्हा त्यांची आई लगेच तयार झाली. कागद आता भरून झालाय. नाव मात्र तिने मुलाचं घातलं नाही, सुनेचं घातलं. ‘हा विचार करत बसेल,’ म्हणाली, ‘ती डॉक्टरला नीट विचारेल आणि ठरवेल.’