दानीएलची सत्तर सप्तकं: इ.स. ३८, ३२ की २७?

बायबलमधल्या दानीएल ९:२५ या भविष्यवाणीत यरुशलेम पुन्हा बांधण्याच्या हुकुमापासून अभिषिक्तापर्यंत (ख्रिस्ती वाचनात येशूपर्यंत) सात अधिक बासष्ट, म्हणजे सत्तरपैकी ६९ सप्तकं मोजतात; एक सप्तक म्हणजे सात वर्षं. तो हुकूम इ.स.पू. ४४५ चा धरून तुम्ही त्यात ४८३ वर्षं (६९ सप्तकं) मिळवलीत आणि इ.स. ३८ काढलंत. एका पुस्तिकेत ३२ आहे, दुसरीत २७, आणि तुम्ही विचारताय की बरोबर कोण. मीही नेमका इथेच अडकलो होतो, म्हणून जरा लांबण लावतोय. मी पाळक नाही आणि हिब्रू अडखळतच वाचतो. श्रद्धेला हात लावत नाही, फक्त हिशोब बघू.

आधी तुमची चूक. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य साल नाही. म्हणून ४८३ वजा ४४५ केल्यावर आणखी १ मिळवायचा: ३९. क्षुल्लक वाटतं, पण अमेरिकेत ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तारीख काढणारा प्रचारक विल्यम मिलर आणि त्याच्या अनुयायांचं गणित इथेच घसरलं. दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस म्हणजे वर्षं, असं धरून त्यांनी इ.स.पू. ४५७ पासून मोजलं आणि १८४३ काढलं. शून्य साल नसतं हे लक्षात आल्यावर ते १८४४ झालं. मग २२ ऑक्टोबर १८४४ ला प्रभू येणार म्हणून काहींनी पिकं शेतातच सोडली.

२७ कुठून येतं ते सोपं आहे: एज्रा ७ मधलं पर्शियाचा राजा अर्तहशश्त याचं पत्र, त्याचं सातवं वर्ष, इ.स.पू. ४५७; त्यात ४८३ वर्षं मिळवली की २७. पण ते पत्र मंदिराची उपासना आणि न्यायाधीश यांबद्दल आहे, नगर बांधण्याबद्दल नाही. तटबंदी आणि वेशींसाठी लाकूड मिळतं ते नहेम्या २ मध्ये, म्हणून बरेच जण ४४५ धरतात.

३२ हे भविष्यवाणीवर लिहिणाऱ्या रॉबर्ट अँडरसनचं. त्याने ३६० दिवसांचं वर्ष धरलं, कारण प्रकटीकरण ११ मध्ये ४२ महिने म्हणजे १२६० दिवस होतात. ४८३ × ३६० = १,७३,८८०. मग १४ मार्च इ.स.पू. ४४५ ते ६ एप्रिल इ.स. ३२ हे अंतर त्याने असं जुळवलं: ४७६ वर्षं × ३६५ = १,७३,७४०, लीप दिवस ११६, आणि १४ मार्च ते ६ एप्रिल हे वरचे २४ दिवस. आता ११६ तपासा. ४७६ भागिले ४ म्हणजे ११९ होतात. तारखा जुन्या ज्युलियन पद्धतीच्या, जिथे दर चौथं वर्ष लीप असतं, आणि ३ लीप दिवस वगळले ते मात्र काही शतकवर्षं गाळणाऱ्या नव्या ग्रेगोरियन नियमाने! तीन दिवस इथेच चुकले.

माझं मत विचाराल तर ३६० हाच कच्चा दुवा आहे. वल्हांडण हा यहुदी सण वसंतातच यावा म्हणून यहुदी चांद्रवर्षात अधिक महिना घालत, आपल्या अधिक मासासारखाच. ३६० चं वर्ष ४८३ वेळा चालवलं तर सण सगळ्या ऋतूंतून फिरेल. काहींना हे पटणार नाही, चालेल.

आणखी एक, दानीएल ९:२५ चं विरामचिन्ह. मसोरेती, म्हणजे यहुदी विद्वानांनी खुणा घालून जपलेल्या हिब्रू पाठात मोठा विराम 'सात सप्तकं' यापुढे आहे. तो मानला तर अभिषिक्त सात सप्तकांनंतरच येतो आणि बासष्ट सप्तकं नगराच्या बांधणीकडे जातात. ही चिन्हं मूळ मजकुरानंतर बऱ्याच शतकांनी घातलेली असल्याने वाद मिटत नाही, पण तुमच्या दोन्ही पुस्तिका ६९ एकत्रच धरतात.

दिवस मोजायला एक्सेल वापरू नका, ते १९०० च्या आधीची तारीख घेत नाही. दोन्ही तारखांचे ज्युलियन दिवस क्रमांक (म्हणजे एका ठरावीक दिवसापासून सलग मोजलेले दिवस) काढा आणि वजा करा.